मला हार्ट नाही

रेवदंडा
१८ नोव्हेंबर २०२४

सौ. चंद्रावतीबाई,

दमयंतीचा नमस्कार. पत्र पाहून दचकू नका, तुमची किशोरी माझ्याकडे उत्तम आहे. सातवा लागला, पायांना थोडी सूज आहे, ती असायचीच. पत्र लिहायचं कारण माझे कान. फोन कानाला लावला की कानातलं मशीन अशी शिट्टी मारतं की शेजारचं कुत्रं उठून बसतं. मोबाइलवर लिहावं, तर तो सदा तुमच्या लेकीच्या हातात. तिच्यासमोर तिच्या आईला काय विचारणार? जन्मभर फळ्यावर लिहिलं, हात अजून चालतो. तुम्हीही पत्रानेच उत्तर द्या. पोस्टमन दुपारी येतो, तेव्हा ती झोपलेली असते.

विषय बाळंतपणाचा. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मला ठाऊक आहे आणि ती मोडायची मला हौस नाही. तुम्ही रीत किती पाळता ते परवा डोहाळजेवणाला पाहिलंच. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, म्हणून तुम्ही घरून बाटली आणलीत आणि जेवलात चौलला, तुमच्या मावशीकडे. माझा ओटीवरचा माठ तुमच्याकडे बघत राहिला. मला राग आला नाही असं म्हणणार नाही, पण ते असो.

त्या दिवशी मी आणखी एक पाहिलं. अंगणातून पायऱ्या चढून आलात आणि ओटीवरच्या खांबाला धरून उभ्या राहिलात, छातीवर हात ठेवून. मी विचारलं तर म्हणालात, "साडी पायात आली." म्हणून स्पष्टच विचारते. बाळंतपण म्हणजे जागरणं, शेकशेगडी, बाळाचं न्हाणं आणि वर येणारी-जाणारी माणसं. तुमच्या तब्येतीला हे झेपेल ना? झेपणार नसेल तर संकोच करू नका. अलिबागचं हॉस्पिटल आम्हाला जवळ आहे, इथे सगळं होईल. झेपणार असेल तर तिला न्यायला कधी येता ते कळवा. आणि एकदा रक्त तपासून घ्या. वय कोणाला चुकलंय?

सत्यजीत उद्या बँकेच्या कामाला पनवेलला येतोय. त्याच्याबरोबर वाडीतली पपनसं पाठवते. रोज एक खा. पपनसाने रक्त शुद्ध होतं असं माझी सासू म्हणायची, आणि ती सहसा चुकत नसे.

तुमची विहीण,
दमयंती


कामोठे गाव
२६ नोव्हेंबर

दमयंतीबाईंना चंद्रावतीचा नमस्कार,

बाई, तुमचं पत्र आमच्या ह्यांच्या हातात पडलं आणि त्यांना वाटलं सिडकोची नोटीस आली, अर्धा तास चष्मा शोधत होते. मला पत्र लिहायची सवय नाही, वाक्य कुठे संपवायचं ते कळत नाही, तुम्ही मास्तरीणबाई, लाल शाईने चुका काढाल या भीतीने निम्मा जीव गेला.

साडी पायात आली म्हणजे साडीच पायात आली. नवी होती, कडक होती. मी ठणठणीत आहे. तुम्ही रक्त तपासा म्हणालात आणि योग बघा, आमच्या शेजारच्या सेक्टरमध्ये मैदानावर आरोग्य शिबिर लागलं. गेले, रक्त दिलं, दोन दिवसांनी बोलावलं. कोलेस्टेरॉल जास्त निघालं. डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. म्हणाले, "काकी, हार्टचं काही औषध चालू आहे का?" मी म्हटलं, "नाही हो डॉक्टर, मला हार्ट नाही. हार्ट आमच्या थोरल्या दिरांना होतं, ते जेवता जेवता गेले." त्यांनी रात्री झोपताना घ्यायची एक गोळी लिहून दिली. म्हणजे बघा, मला हार्ट नाही, शुगर नाही, बीपी नाही. राहिलं कोलेस्टेरॉल, ते काय, हल्ली कामोठ्यात ज्याच्या दारात गाडी त्याला कोलेस्टेरॉल असतंच.

आता येत्या पाच तारखेला आमच्या कुंदनची हळद आहे, माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं काम, बेंजो येणार, मांडव तर आत्ताच घातलाय. सख्खी काकी नाचली नाही तर पाहुणे विचारतात, घरात भांडण आहे का. हळद आणि लग्न उरकलं की पंधरा तारखेच्या रविवारी किशोरीला न्यायला येते. तिच्या खोलीला रंग दिला. शेगडी काढून घासली. बाळंतिणीच्या खाटेला नवी पट्टी ओढून घेतली.

बाई, एक सांगते, राग मानू नका. किशोरी माझी एकुलती. तिचं पहिलं बाळंतपण माझ्याच हातून होणार, अलिबागचं नाव पुन्हा काढू नका. त्या नावाने मला झोप लागत नाही.

पपनसं फार गोड निघाली. रोज एक सोलून खाते.

चंद्रावती


रेवदंडा
१७ डिसेंबर

सौ. चंद्रावतीबाई,

पंधरा तारीख आली आणि गेली. सकाळी किशोरी केस धुऊन, बॅग भरून ओटीवर बसली. दहा वाजता व्याह्यांचा सत्यजीतला फोन आला, "तिचं अंग दुखतंय, पुढच्या आठवड्यात येऊ." पुढच्या आठवड्यात म्हणजे कधी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि माझ्या मुलाने विचारलं नाही. दोघेही पुरुष.

अंग दुखतं म्हणजे नक्की काय होतंय ते लिहा. वाक्य कुठे संपवायचं ते कळत नसेल तर न संपवता लिहा, मी वाचेन. लाल पेन मी पेन्शनीत निघतानाच ठेवून दिलंय.

दमयंती


कामोठे गाव
२१ डिसेंबर

दमयंतीबाई,

हळद झाली आणि माझे पाय त्या मांडवातच राहिले. काय सांगू, बेंजो सुरू झाला आणि सगळ्या जावांनी मला ओढलं, मीही मागे हटले नाही. त्या दिवशी काही वाटलं नाही. दोन दिवसांनी मांड्या भरून आल्या, नाचल्यावर येतात तशा, आणि तेव्हापासून उतरल्याच नाहीत. जिना चढताना कठड्याला धरून स्वतःला वर ओढावं लागतं. पाटावर बसले की उठवत नाही, कालपासून ह्यांनी मला खुर्चीत जेवायला बसवलं. आणि वेणी घालताना हात वरच राहत नाहीत, खाली पडतात. हाताने काही मी नाचले नव्हते, पण आमच्या नाचात हातही लागतातच म्हणा.

आमच्याकडे हौसाआत्या आहे, लग्नात धवले गाणारी, सत्तरी उलटलेली. ती बघायला आली. म्हणाली, "आगो चंद्रे, हलदीन नाचलीस नं, मंग आता कनाला कन्हतेस? तेल लाव नि गप पर." म्हटलं, "आत्या, दोन आठवडे झाले." तर म्हणते, "तुजा वय बग नि तुजा नाच बग." सगळ्या हसल्या, मीही हसले. तेव्हापासून दोन वेळा गरम तेल चोळते. हे म्हणतात, "डाक्टरकडं चल." मी म्हटलं, कशाला, डॉक्टर विचारणार कशाने झालं, आणि मी सांगणार नाचून झालं, या वयात? त्यापेक्षा तेल बरं.

कोलेस्टेरॉलची गोळी मात्र चुकवत नाही, तुमच्या नातवाला खेळवायचं आहे ना. तेल मुरलं की येतेच. किशोरीला सांगा, तिची खोली झाडून बंद ठेवलीय, धूळ जायला नको म्हणून.

चंद्रावती


रेवदंडा
२६ डिसेंबर

सौ. चंद्रावतीबाई,

हे पत्र मी दोनदा फाडलं. आता तिसऱ्यांदा लिहिते ते जसं येईल तसं वाचा.

शाळेत मी निमित्तंच ऐकत आले. पोट दुखत होतं, वही भिजली, आजी वारली. एका मुलाच्या एका वर्षात चार आज्या वारल्या. त्यामुळे निमित्त कसं दिसतं ते मला कळतं. हळदीचे पाय तीन आठवडे दुखत नाहीत. तुमचं येणं टळतंय, आणि खोलीचं वर्णन मात्र दर पत्रात येतंय. ज्या बाईला लेकीला न्यायचं असतं ती गाडी करून येते आणि गाडीत पाय चोळते.

तुमच्या मनात नसेल तर तसं म्हणा. एकुलती लेक, पण रंगवलेल्या खोलीत बाळंतिणीचा पसारा नको, असं वाटत असेल तर तेही म्हणा, मी कोणाला सांगणार नाही. पण त्या पोरीला लटकवून ठेवू नका. तिची बॅग अजून दाराशी आहे. रोज त्या बॅगेतूनच कपडे काढते आणि धुऊन, घडी करून परत त्यातच ठेवते. कपाटात ठेव म्हटलं तर म्हणते, "आई कधीही येईल." काल मी हे ऐकलं आणि माजघरात जाऊन बसले. मला तुमचा फार राग आला.

पाच जानेवारीच्या रविवारपर्यंत आला नाहीत तर सोमवारी अलिबागला नाव नोंदवते.

दमयंती


कामोठे गाव
३१ डिसेंबर

दमयंतीबाई,

हात दुखतो म्हणून हे पत्र बसत उठत लिहिते आहे, उठत म्हणजे कोणीतरी उठवलं की. तुमचं पत्र वाचलं. माझ्या लेकीचा पसारा मला नको, हे तुम्ही लिहिलंत. बाई, त्या खाटेवर मी रोज हात फिरवून येते.

नाव नोंदवू नका. आता खरं सांगते, पण ते किशोरीला कळता कामा नये.

मला धडधड आहे. दोन वर्षं झाली. बसल्या बसल्या छातीत एकदम घोडा धावतो आणि मग अडखळतो. पनवेलचे मोठे डॉक्टर आहेत, त्यांनी छातीला वायरी लावून पट्टी काढली, म्हणाले ठोके वेडेवाकडे पडतात, घाबरू नका, रोज ही गोळी घ्या. घेते. तेव्हापासून क्वचितच होतं. तुमच्या ओटीवर झालं ते तेच होतं, साडी नव्हती. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच म्हणाला असता, हार्टच्या बाईकडे बाळंतीण कशी ठेवायची. आणि ते हार्ट नाही, बाई. हार्ट म्हणजे अटॅक येतो ते. मला नुसती धडधड आहे. डॉक्टरांच्या पाटीवर हृदयाचं चित्र आहे ते मी पाहिलंय, पण त्यांनी तोंडाने कधी हार्ट म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारून कशाला विकत घ्यायचं?

पण आता मला भीती वाटते. पाय नाचल्याचे नाहीत हे मलाही कळतंय. काल न्हाणीघरात बसले ती उठताच येईना, ह्यांना हाक मारावी लागली, त्यांनी काखेत हात घालून उभी केली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण अशी लाज कधी वाटली नव्हती. आणखी एक लिहिते, बाईमाणूस म्हणून तुम्हालाच लिहिते. दोन दिवस लघवीचा रंग कोकमाच्या आगळासारखा येतोय. पाणी कमी प्यायले असेन. हौसाआत्या म्हणते, "दोन दोन गोल्या खातेस, जुनी बंद कर, ती गरम परली." मलाही वाटतं, धडधडीची बंद करावी. कोलेस्टेरॉलची नवीन आहे, ती डॉक्टरांनी एवढ्या प्रेमाने दिली.

मी बरी होणार आणि न्यायला येणार. एवढा एक आठवडा द्या.

चंद्रावती


रेवदंडा
३ जानेवारी २०२५, संध्याकाळ

चंद्रावती,

हे पत्र सत्यजीतच्या हातात देते आहे, तो गाडी काढतोय. व्याह्यांना त्याने फोन केला होता. फोनवर तुम्ही म्हणालात, "उद्या बघू." उद्या नाही. वाचून झालं की चप्पल घाला आणि सत्यजीत आणि व्याह्यांबरोबर पनवेलला तुमच्या धडधडीच्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलात जा. ते नसतील तर जे असतील त्यांच्याकडे.

तुमचं पत्र दुपारी आलं. वाचलं आणि तुमचं नोव्हेंबरचं पत्र काढून पुन्हा वाचलं. त्या पोराने तुम्हाला विचारलं, हार्टचं औषध चालू आहे का, आणि तुम्ही म्हणालात, मला हार्ट नाही. अहो, धडधड म्हणजेच हार्ट. अटॅक येतो तेच काय ते हार्ट, असं नसतं. ठोके कोण देतं, जठर? ते पत्र मी तेव्हाही वाचलं होतं आणि तुमच्या दिरांचं वाचून हसले होते.

दोन्ही पत्रं घेऊन मी आमच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी लघवीचं वाक्य वाचलं आणि चष्मा काढला. म्हणाले, अंग असं गळलंय आणि लघवीला असा रंग, म्हणजे थांबायचं नाही, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. दोन गोळ्या एकमेकींना चालत नसाव्यात, पण ते रक्त बघून तिथले डॉक्टरच ठरवतील. आजची कोलेस्टेरॉलची गोळी घेऊ नका. धडधडीची स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नका, हौसाआत्या काहीही म्हणोत. दोन्ही पाकिटं पर्समध्ये टाका. रिकामी झालेलीसुद्धा. आणि तिथे कोणी काहीही विचारलं तर सगळं सांगा, पपनससुद्धा.

किशोरीला मी सांगितलं. तुमचा शब्द मोडला. ती रडली नाही, तिने तुमच्या जावयाला पाण्याची बाटली भरून दिली, "आई आपल्याकडचं पाणी पीत नाही, तिच्यासाठी वाटेत विकतची घे," म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, ती बाटली तिने आईसाठीच आपल्या माठातून भरली होती.

जा आता.

दमयंती


पनवेल
१० जानेवारी

बाई,

अक्षर वेडंवाकडं येतंय, सलाईनच्या हाताने लिहिते. आज पहिल्यांदाच लिहायला बसू दिलं.

त्या दिवशी जावई आले तेव्हा मी पलंगावरून म्हटलं, चहा तरी घ्या. त्यांनी तुमचं पत्र पुढे केलं आणि दारातच उभे राहिले. मी वाचत होते आणि हे माझ्या पायात चपला घालत होते.

धडधडीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा माझ्याकडे बघायच्या आधी ह्यांच्याकडे बघितलं, त्यावरूनच मला कळलं. अंगातले स्नायू विरघळत होते, बाई, आणि ते विरघळलेलं मूत्रपिंडात जाऊन अडकत होतं. आणखी काही दिवस काढले असते तर मूत्रपिंडं बंद पडली असती, म्हणाले. कोलेस्टेरॉलची गोळी लगेच बंद केली आणि बाटल्यांवर बाटल्या सलाईन. पहिले दोन दिवस कोणी काही कबूल करत नव्हतं. आज लघवी स्वच्छ आली, मूत्रपिंडं वाचली म्हणाले. पायांना वेळ लागेल, महिना किंवा जास्त.

मी विचारलं, वाईट गोळी कोणती? ते म्हणाले, कोणतीच नाही. धडधडीच्या गोळीचं नाव डिल्टियाझेम, ती हवीच. कोलेस्टेरॉलची होती ती सिमव्हास्टॅटिन, ती चाळीसची दिली होती. एकेकटी घेतली तर दोन्ही चांगल्या, पण पहिली दुसरीला अंगातून बाहेर पडू देत नाही. त्यामुळे रोज एकच घेतली तरी आत साचत जाते, म्हणून हिच्याबरोबर ती एवढी देत नाहीत. म्हणजे पाहुणा जायला निघालाय आणि घरातलंच कोणीतरी दाराला कडी लावून बसलंय. पुढे पाय बरे झाले की कोलेस्टेरॉलला दुसरी गोळी देणार आहेत, जी हिच्याशी जुळते, आणि तीही रक्त तपासून. पपनसाचंही मी सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, तेही आत साचायला मदत करतं, आता नको. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, गोड फार होती.

मग त्यांनी विचारलं, शिबिरात सांगितलं का नाही? मी म्हटलं, त्यांनी हार्ट विचारलं, मला तर धडधड आहे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "ती हृदयाची गोळी आहे हे मीही तुम्हाला त्या शब्दांत सांगितलं नाही. नुसतं घाबरू नका म्हणालो." मला त्यांचा राग आला नाही. मला ऐकायचंच नव्हतं.

किशोरी फोनवर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. काल बोलली. म्हणाली, "तू मेली असतीस तर मी खोलीचा रंग बघत बसले असते का?" तिला असं बोलायला तुम्ही शिकवलंत की आधीच येत होतं?

बाई, अलिबागला नाव नोंदवा. मला उभं राहता येत नाही, मी बाळाला न्हाऊ कशी घालणार? लेकीच्या कळांच्या वेळी मी इथे खिडकीशी बसलेली असेन, हे मनात आलं की छातीतलं ते सुरू होतं. ते तुमच्या बोलीतलं हार्ट. पण रीत पाळायची म्हणून तिचा जीव टांगणीला लावणार नाही. खाटेची पट्टी फुकट गेली, एवढंच.

चंद्रावती


रेवदंडा
१४ जानेवारी, संक्रांत

चंद्रावती,

तिळगूळ पाठवते, त्यात काही साचत नाही.

आधी माझं. तुमचे पाय गळत होते आणि मी तुम्हाला चार आज्यांच्या मुलाशेजारी बसवलं. तुमच्या पत्रात सगळं लिहिलेलं होतं, पाट, वेणी, जिना. मी त्यात निमित्त शोधत बसले. याचं मला वाईट वाटतं आणि ते वाटत राहील. वाडीतली उरलेली पपनसं शेजारी वाटून टाकली. आधी विचारून, की कोणाला हार्ट आहे का, धडधड आहे का, कसली गोळी चालू आहे का. लोकांना वाटलं मी जनगणनेला आले.

आता अलिबागचं. नाव नोंदवलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, किशोरीने आता लांबचा प्रवास करू नये. म्हणजे ती तुमच्याकडे येत नाही, हे ठरलं. पण पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही ठरलेलं आहे. मी रात्रंदिवस यावर विचार केला आणि मला एवढंच सुचलं, की माहेर म्हणजे कामोठ्याची रंग दिलेली खोली नव्हे. माहेर म्हणजे आई. आई जिथे बसेल तिथे माहेर. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की तुम्ही इथे या आणि महिना-दोन महिने राहा. व्याह्यांनाही आणा, त्यांना इथे सुपारी मोजायला लावू.

काम तुम्ही करायचं नाही. बाळाला न्हाऊ घालायला एक बाई ठरवली आहे. तुम्ही खुर्चीत बसायचं आणि तिला नावं ठेवायची. ती पाणी जास्त कढत घेते, तुम्हाला भरपूर बोलता येईल. शेकशेगडी तुमचीच आणा, ती घासलेली आहे असं नोव्हेंबरातच वाचलंय.

राहिली रीत. मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, आणि मूल व्हायला महिना आहे. मी काही म्हणणार नाही. तुम्ही महिनाभर बाटल्या आणल्यात तरी मी त्या थंड करून देईन. फक्त या. तुमची लेक अजून बॅग दारातून हलवत नाही, पण आता म्हणते, "ती जागा आईच्या सामानाची आहे."

दमयंती


कामोठे गाव
१९ जानेवारी

बाई,

काल घरी सोडलं. तुमचं पत्र मी ह्यांना मोठ्याने वाचायला लावलं, ते "माहेर म्हणजे आई"पर्यंत आले आणि चष्मा पुसायला गेले, मग पुढचं मी वाचलं. मीही रडले. इतके दिवस धास्ती होती, तेव्हा रडू आलं नव्हतं.

हौसाआत्या आली होती. म्हणाली, "लेकीच्या घरी कवा कोन बालंतपन करायला गेलाय?" मी म्हटलं, "आत्या, मी चाललेय." ती पदर खोचत म्हणाली, "मंग मनाबी ने, बालाचे धवले कोन म्हनल?" तिलाही आणते. खोली एक जास्त लागेल.

डॉक्टरांनी पंचवीस तारखेनंतर हो म्हटलंय, वाटेत थांबत थांबत. निघताना आणखी एक झालं. हॉस्पिटलच्या खिडकीवर एक मुलगी कागद भरत होती, तिने विचारलं, "मावशी, काही जुना आजार?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "लिही बाळा. मला हार्ट आहे. गोळी रोज सकाळी चालू आहे, नाव सांगते." नाव मला नीट येत नव्हतं, पण पाकीट पर्समध्येच होतं, ते तिच्यापुढे ठेवलं. तोंडातून शब्द निघाला आणि काहीच झालं नाही, बाई. बाहेर आम्ही रिक्षा शोधत होतो, ऊन होतं, लोक आपापल्या कामाला चालले होते.

ओटीवर पाट मांडू नका, खुर्ची ठेवा, मला अजून उठवत नाही. शेगडी आणते. बाटली आणत नाही. रीत मोडली असं कोणी म्हणालं तर माझ्याकडे पाठवा. माठ भरून ठेवा, सकाळची हार्टची गोळी मी तुमच्या पाण्यानेच घेईन.

तुमची,
चंद्रावती